माढ्यात बसून पाहिलेले देव

तुकाराम महाराज दिसायला नेमके कसे होते, हे आज कुणीच छातीवर हात ठेवून सांगू शकत नाही. तरीही माझ्या दुकानात येऊन कुणी ‘तुकोबांचा फोटो मढवून द्या’ म्हणालं, की कागदाच्या गुंडाळीतून निघणारा चेहरा ठरलेला असतो. डोक्याला पागोटं, कपाळाला टिळा, गळ्यात तुळशीची माळ आणि आत कुठंतरी लागलेले डोळे. तो चेहरा विष्णुपंत पागनिसांचा असतो, नाहीतर पागनिसांवरून कुणीतरी रंगवलेला. प्रभात फिल्म कंपनीचा ‘संत तुकाराम’ १९३६ साली आला. दामले आणि फत्तेलाल यांनी तो दिग्दर्शित केला. तेव्हापासून महाराष्ट्रातल्या कितीतरी देव्हाऱ्यांत तुकाराम म्हणून एका नटाची पूजा होते आहे. मला त्यात काही खटकत नाही. का खटकत नाही, हे मात्र मला स्वतःला नीट सांगता येत नव्हतं. सिनेमे बघता बघता ते थोडं उलगडलं, म्हणून लिहायला बसलो.

माझं फोटो मढवायचं दुकान माढ्यात आहे, वडिलांनी सुरू केलेलं. देवांचे, लग्नांचे, सत्काराचे आणि माणूस गेल्यावर हार घालायला लागणारे, असे सगळे फोटो माझ्या टेबलावरून जातात. रात्री शटर ओढलं की मी सिनेमा बघतो. मी समीक्षक नाही. कॅमेरा कुठं ठेवला होता हे मला कळत नाही. मनात काय राहिलं तेवढं कळतं. मुलगी पुण्यात शिकते, ती नावं सुचवते. या पावसाळ्यात मी देवाशी संबंध असलेले सिनेमे ओळीनं बघितले. ‘राजा हरिश्चंद्र’चे उरलेले तुकडे, ‘संत तुकाराम’, ‘देऊळ’, ‘एलिझाबेथ एकादशी’, ‘फँड्री’, ‘ओह माय गॉड’, ‘कांतारा’. या सगळ्यांतून एकच प्रश्न मला टोचत राहिला. एखाद्या प्रतिमेचं खरेपण कशावर ठरतं? ती मूळची असण्यावर, की आणखी कशावर?

माढ्याच्या माणसाला हा प्रश्न टाळता येत नाही. आमच्या गावात विठ्ठलाचं देऊळ आहे. अफजलखानाच्या स्वारीच्या वेळी, १६५९ साली, पंढरपूरची मूर्ती इथं आणून लपवून ठेवली होती असं परंपरा सांगते. डॉ. रा. चिं. ढेरे यांनी ‘श्रीविठ्ठल: एक महासमन्वय’ या १९८४ सालच्या ग्रंथात त्याहून पुढची गोष्ट मांडली. जुन्या माहात्म्यग्रंथांत विठ्ठलमूर्तीची जी लक्षणं सांगितली आहेत, छातीवर कोरलेली मंत्राक्षरं वगैरे, ती माढ्याच्या मूर्तीशी जुळतात. म्हणून आद्य मूर्ती ती हीच, असा त्यांचा पक्ष. त्यावर वाद झाला. काहींना तो देवावरचा घाला वाटला. दुसरीकडे आमच्याकडच्या काहींना एकदम मोठं झाल्यासारखं वाटलं.

बाहेरगावचा माणूस दुकानात आला आणि गप्पा निघाल्या की विचारतोच, ‘काय हो, खरा विठोबा तुमच्याकडं आहे म्हणे?’ विचारणारा थोडं हसून विचारतो आणि आपण काय म्हणतो याकडं नीट कान देतो. पूर्वी मी ढेऱ्यांचं नाव सांगून मोकळा व्हायचो. आता तेवढ्यावर भागत नाही. कारण समजा ढेऱ्यांचं म्हणणं शंभर टक्के खरं असेल, तर गेली साडेतीनशे वर्षं आषाढीला पायी चालत गेलेली सगळी माणसं चुकीच्या ठिकाणी गेली का? त्यांचं दर्शन वाया गेलं का? असं म्हणायला ढेऱ्यांचीसुद्धा जीभ उचलली नसती. ते विठ्ठलाचेच भक्त होते. आणि समजा त्यांचं म्हणणं खरं नसेल, तर आमच्या देवळात वर्षानुवर्षं डोकं टेकणाऱ्या म्हाताऱ्यांनी कुणापुढं डोकं टेकलं?

गंमत वाटेल, पण आपल्या सिनेमाचा आरंभही याच प्रश्नात अडकलेला आहे. दादासाहेब फाळक्यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ ३ मे १९१३ रोजी मुंबईला गिरगावातल्या कॉरोनेशन थिएटरात लागला. चार रिळांचा सिनेमा. त्यातलं पहिलं आणि शेवटचं रीळ तेवढं आज उरलं आहे. आणि उरलेली ही रिळं १९१३ सालची नसून फाळक्यांनी १९१७ साली पुन्हा काढलेल्या ‘हरिश्चंद्रा’ची आहेत, असं काही अभ्यासक म्हणतात. म्हणजे ज्याला आपण भारताचा पहिला सिनेमा म्हणून बघतो, तो बहुधा त्याच हातांनी केलेला दुसरा सिनेमा आहे. मी तो मोबाइलवर बघितला. राजा जंगलात उभा आहे, तारामती समोर आहे, आणि तारामतीचं काम करतोय अण्णा साळुंके नावाचा, उपाहारगृहात काम करणारा एक पुरुष. ‘लंकादहन’मध्ये तर त्यानं राम आणि सीता दोन्ही कामं केली. पडद्यावर राम आला की माणसं हात जोडायची. त्या रामाचं मूळ कुठं शोधायचं? अयोध्येत, की साळुंक्यांच्या चेहऱ्यात?

फाळक्यांनी स्वतः लिहून ठेवलं आहे की ख्रिस्ताच्या जीवनावरचा परदेशी सिनेमा बघताना त्यांच्या डोळ्यांपुढं राम आणि कृष्ण येऊ लागले. समोर येशू दिसतोय आणि आत श्रीकृष्ण उभा राहतोय. भारतीय सिनेमाचा जन्म या एका बघण्यातून झाला. मला हे फार महत्त्वाचं वाटतं. बघणारा कधीच कोरा नसतो. तो पडद्यावर जे आहे तेवढंच बघत नाही. जे त्याच्याजवळ आधीपासून आहे, ते त्याला पडद्यावर भेटतं.

‘संत तुकाराम’ बघताना याचा अनुभव मला प्रत्येक वेळी येतो. हा सिनेमा मुंबईत वर्षभराहून जास्त चालला आणि १९३७ साली व्हेनिसच्या महोत्सवात त्याचा गौरव झाला. त्यात बीज आणि झाड यांवरचं एक गाणं आहे. आपण सगळे ते अभंग म्हणून गातो, भजनात म्हणतो. ते तुकोबांचं नाही. शांताराम आठवल्यांनी ते सिनेमासाठी लिहिलं, आणि इतकं जमून गेलं की लोक ते गाथेत शोधू लागले. चेहरा नटाचा, अभंग कवी आठवल्यांचा, इंद्रायणी सिनेमातली. हिशेबाला बसलं तर यात तुकोबांचं मूळचं फार थोडं निघेल. पण सिनेमा संपल्यावर मला खोटं काही बघितल्यासारखं वाटत नाही. का वाटत नाही?

माझं उत्तर आहे, जिजाईमुळे.

गौरी नावाच्या अभिनेत्रीनं तुकोबांची बायको जिजाई केली आहे. तुकोबा भजनात असतात आणि जिजाई चुलीपुढं असते. पोर आजारी आहे, घरात दाणा नाही, नवरा देवळात बसला आहे. ही बाई पायातली वहाण हातात घेऊन विठ्ठलाला जाब विचारायला देवळात शिरते. सिनेमा तिला अडवत नाही. तिला खाष्ट बायको म्हणून बाजूला सारत नाही, तिच्या तोंडी शेवटी पश्चात्तापाची वाक्यं घालत नाही. तुकोबांच्या डोळ्यांत जेवढं खरं दिसतं, तेवढंच खरं तिच्या रागात दिसतं. दोघांचाही मान राखून सिनेमा पुढं जातो, आणि म्हणून तुकोबांवर आपला विश्वास बसतो. जिजाईनं प्रश्न विचारला नसता, तर पागनिस कितीही गोड गायले असते तरी ते कॅलेंडरावरचं चित्रच राहिले असते.

इथं दुकानातली एक गोष्ट सांगतो. एक म्हातारी आजी तुकोबांचा जुना फोटो घेऊन आल्या. लाकडी पट्टी वाळवीनं खाल्लेली, काचेला आतून ओल आलेली, कागदाच्या एका कोपऱ्याला कसर लागून तुकोबांचा खांदा गेलेला. मी त्यांना नवा फोटो दाखवला. छपाई चांगली, रंग ताजा, किंमतही जास्त नाही. म्हणालो, ‘आजी, हा घ्या. जुन्याची काच काढताना कागद फाटायचा.’ आजींनी नव्या फोटोकडं बघितलंसुद्धा नाही. म्हणाल्या, ‘नवा नगं रं लेकरा. ह्योच बशीव. ह्यानं माजं समदं बघितलंय.’

मी काम हातात घेतलं. जुन्या फोटोचं काम सावकाश करावं लागतं. आधी पाठीमागच्या चुका पकडीनं एकेक उपसायच्या. पुठ्ठा काढायचा. मग काच आडवी ठेवून तिला चिकटलेला कागद पातळ पात्यानं कडेकडेनं सोडवत आणायचा. घाई केली की चेहऱ्यावरचा रंग काचेबरोबर निघून येतो. तुकोबांचे डोळे शाबूत सुटले तेव्हा आजींनी श्वास सोडलेला मला ऐकू आला. नवी काच कापायला पट्टी लावली आणि हिऱ्याची रेघ एका दमात ओढली. ही रेघ दुसऱ्यांदा ओढायची नसते, काच वाकडी फुटते. गेलेल्या खांद्यामागं पांढरा कागद लावला. आजी म्हणाल्या, ‘ऱ्हाऊ दे तसंच, मलाबी खांदा न्हाई ऱ्हायला आता.’

आजींचं बोलणं मी विसरू शकत नाही. आपण म्हणतो, मी देवाला बघितलं. आजी म्हणाल्या, त्यानं मला बघितलं. पन्नासेक वर्षांचा संसार, मेलेली माणसं, न शिजलेली चूल, हे सगळं ज्याच्या समोर झालं तो फोटो. त्याची किंमत तो कुठल्या छापखान्यातून निघाला यावर नव्हती. चेहरा पागनिसांचा आहे हे त्यांना सांगितलं असतं तरी काही फरक पडला नसता.

शेजारी एक निवृत्त गुरुजी राहतात. संध्याकाळी दुकानात येऊन बसतात. हे सगळं मी त्यांना सांगितलं तेव्हा त्यांनी मला सरळ पेचात पकडलं. ‘मूळ कोणतं याला महत्त्व नाही असं तुम्ही म्हणता. मग उद्या कुणीही कुठंही दगडाला शेंदूर फासील आणि देव म्हणून दुकान मांडील. भाव महत्त्वाचा म्हणून तुम्ही त्यालाही हात जोडणार का? ‘देऊळ’ बघितलात ना तुम्ही?’

बघितला होता. उमेश कुलकर्णींचा, २०११ सालचा, त्या वर्षीचा सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार विभागून मिळवलेला. गिरीश कुलकर्णींनी त्याची पटकथा लिहिली आणि केशाचं कामही केलं. हा साधा गुराखी हरवलेली गाय शोधताना उंबराखाली पडतो आणि त्याला दत्त दिसतात. त्याला दिसलं ते त्याच्यापुरतं खरं होतं. पण मंगरूळ गावाच्या हातात ती गोष्ट पडते आणि बघता बघता देऊळ उभं राहतं, दुकानं लागतात, जाहिराती लागतात. गावाला दवाखाना हवा असं म्हणणारे शिकलेले अण्णा एकटे पडतात. शेवटी केशा मूर्तीच पळवतो. आणि काय होतं? गाव दुसरी मूर्ती आणतं, वाजतगाजत बसवतं, आणि बाजार होता तसा चालू राहतो.

गुरुजींचा मुद्दा बिनतोड होता. पागनिसांचा चेहरा तुकोबांच्या जागी आला तो मी चालवून घेतो. मग मंगरूळची दुसरी मूर्ती पहिलीच्या जागी आली तर माझ्या पोटात का ढवळतं? दोन्हीकडं मूळ गेलं आणि प्रतिमा राहिली. तर्काच्या बाजूनं दोन्ही सारखंच.

यावर मी बरेच दिवस घालवले आणि माझ्यापुरतं उत्तर काढलं. फरक प्रतिमेत नाही. तिच्यासमोर कोणाला काय बोलता येतं, यात फरक आहे. ‘संत तुकाराम’मध्ये जिजाईला देवळात शिरून वहाण उगारता येते. मंगरूळच्या देवळात अण्णांना तोंड उघडता येत नाही, आणि ज्याला दत्त दिसला त्या केशालाही तिथं जागा उरत नाही. जी प्रतिमा शंका घेणाऱ्याला आणि दाराबाहेर राहिलेल्याला जागा देते, ती कुणीही, कधीही, कशातूनही घडवलेली असो, तिच्यापुढं हात जोडायला मला संकोच नाही. जी त्यांना बाहेर ठेवते, ती हजार वर्षांची जुनी असली तरी ती माझ्या लेखी दगडच.

हा विचार मला कुठल्या पुस्तकातून आणावा लागला नाही. विठ्ठलाच्या परंपरेत तो पहिल्यापासून आहे. नामदेव विठ्ठलाशी भांडले. जनाबाईनं त्याला फैलावर घेतलं. चोखोबांना आत जाऊ दिलं नाही, म्हणून ते बाहेरून बोलत राहिले, आणि आज त्यांची समाधी महाद्वारासमोरच आहे. महाद्वाराकडं येणाऱ्याला ती वाटेतच लागते. चौदाव्या शतकात चोखोबा गेले आणि मंदिराचं दार दलितांना उघडावं म्हणून साने गुरुजींना १९४७ सालच्या मे महिन्यात पंढरपुरात उपोषणाला बसावं लागलं. मधल्या सहाशे वर्षांत मूर्ती कोणती होती, मूळची की नंतरची, हा प्रश्न मोठा की ती कोणाला बघता येत नव्हती हा मोठा? माझं मत स्वच्छ आहे. दुसरा मोठा.

या मधल्या काळात माझ्या धंद्यानं आणि सिनेमानं एक काम केलं, त्याची नोंद कुणी फारशी घेत नाही. रविवर्म्यांच्या छापखान्यातून एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी देवांची रंगीत चित्रं स्वस्तात निघाली आणि ज्याच्या घरात भिंत होती त्याच्या घरी लक्ष्मी-सरस्वती आल्या. त्याच छापखान्यासाठी काम केलेले फाळके पुढं सिनेमाकडं वळले आणि १९१८ साली त्यांनी ‘श्रीकृष्णजन्म’ काढला. पंढरपूरचं दार उघडायला अजून एकोणतीस वर्षं होती. पडद्याला गाभारा नसतो. मुखदर्शनाची रांग वेगळी, पदस्पर्शाची वेगळी, असंही नसतं. वडील सांगायचे, १९७५ साली ‘जय संतोषी माँ’ आला तेव्हा लोक चपला बाहेर काढून थिएटरात शिरायचे, आणि पुढं वर्षभर आमच्या दुकानात संतोषी मातेशिवाय दुसरा फोटो मढवायला येत नव्हता. लोक त्याला भोळेपणा म्हणतात. मला त्यात दुसरंही दिसतं. ज्यांना कुणी पुढं येऊ दिलं नाही, त्यांनी मिळेल त्या उजेडात आपला देव बघितला.

तरीही पडद्याची एक मोठी उणीव राहते. आजींचा फोटो त्यांना बघत होता. पडदा आपल्याला बघत नाही. आपण अंधारात सुरक्षित बसलेले असतो. दर्शनात देवाची नजर आपल्यावर पडते, आपण उघडे पडतो. सिनेमात आपण फक्त बघे. ही उणीव भरून काढणारा एकच सिनेमा मी बघितला आहे, आणि तो आमच्या शेजारच्या करमाळा तालुक्यातल्या जेऊरच्या माणसानं काढला आहे. नागराज मंजुळ्यांचा ‘फँड्री’.

‘फँड्री’त देवाची पालखी आहे, जत्रा आहे. जब्या नावाच्या पोराला त्या जत्रेत नाचायचं आहे, सगळ्यांसारखं. पण त्याच्या वाट्याला डोक्यावर दिवा धरून उभं राहणं येतं, आणि पुढं बापाबरोबर डुक्कर धरणं. डुक्कर धरताना शाळेतून राष्ट्रगीत ऐकू येतं आणि सगळं कुटुंब जागच्या जागी ताठ उभं राहतं. डुक्कर निघून जातं. मेलेलं डुक्कर काठीला टांगून नेताना मागच्या भिंतीवर आंबेडकर, फुले, सावित्रीबाई, शाहू महाराज, गाडगेबाबा यांची चित्रं दिसतात. मी आयुष्यभर या सगळ्यांचे फोटो मढवले आहेत, जयंतीला, पुण्यतिथीला, शाळा-कचेऱ्यांसाठी. त्या प्रसंगात मला पहिल्यांदा वाटलं की भिंतीवरून ते आपल्याकडं बघताहेत आणि आपण त्यांच्या नजरेला नजर देऊ शकत नाही. शेवटी जब्या दगड उचलतो आणि तो दगड सरळ पडद्यातून आपल्याकडं येतो. त्या क्षणी पडद्यानं मला बघितलं. देवाचं नाव घेणारे कितीतरी सिनेमे मी बघितले, पण ज्याला दर्शन म्हणावं ते मला या सिनेमात घडलं, जिथं देव कुणाच्याही मदतीला येत नाही.

बाकीच्यांबद्दल थोडक्यात. ‘ओह माय गॉड’ मला विचार म्हणून पटतो, विशेषतः नायक कानजी स्वतःचीच मूर्ती फोडतो तो शेवट. पण त्यात भक्तांना मूर्ख ठरवण्याची घाई आहे. शंका घेणाऱ्याला जागा दिली आणि हात जोडणाऱ्याची काढून घेतली, तर तेही एकांगीच. ‘कांतारा’चा आवाज माझ्या घरातल्या टीव्हीला झेपला नाही, आणि मारामारी माझ्या वयाला. पण शेवटी अंगात दैव आलेला नायक गावकऱ्यांचे आणि वनाधिकाऱ्याचे हात एकमेकांत देतो, आणि जंगलात निघून जातो, तेव्हा माझ्या अंगावर काटा आला. दैवानं तिथं कुणाला शिक्षा केली यापेक्षा कुणाला जोडलं हे मला महत्त्वाचं वाटतं. परेश मोकाशींचा ‘एलिझाबेथ एकादशी’ मी सगळ्यांना बघायला सांगतो. कार्तिकीच्या गर्दीत पंढरपूरची पोरं आईचं जप्त झालेलं विणकामाचं मशीन सोडवायला बांगड्यांचं दुकान लावतात. विठ्ठल हाकेच्या अंतरावर आहे, पण चमत्कार करायला येत नाही. तरी सिनेमाभर तो असल्यासारखा वाटतो, कारण पोरं एकमेकांना सोडत नाहीत.

आता माढ्याच्या मूर्तीकडं येतो. मी त्या प्रश्नाला कमी लेखत नाही. कोणती मूर्ती जुनी, कोणत्या काळातली, छातीवरची अक्षरं काय सांगतात, हा पुराव्याचा प्रश्न आहे. तो अभ्यासकांनी निर्भयपणे विचारावा आणि पुराव्यानंच सोडवावा. त्यावर चिडणं हे भक्तीचं लक्षण नव्हे. ढेऱ्यांसारखा माणूस विठ्ठलावर आयुष्य घालवून शंका मांडतो, तेव्हा तो नामदेव-जनाबाईंच्याच ओळीत उभा असतो, असं मी मानतो. पण त्या प्रश्नाचं उत्तर मिळालं म्हणजे दर्शनाच्या प्रश्नाचं उत्तर मिळालं, असं होत नाही. मूर्तीचं वय सांगता येतं. तिच्यासमोर उभं राहून माणसाच्या आत काय हललं, ते कोरीव अक्षरांत सापडत नाही. दोन्ही प्रश्न आपापल्या जागी खरे आहेत. एकाचा वापर करून दुसऱ्याचं तोंड बंद करू नये.

गुरुजींना हे सगळं मी सांगितलं. ते लगेच पटलं म्हणाले नाहीत. म्हणाले, ‘जागा देणारी प्रतिमा उद्या बंद होऊ शकते. तुमच्या तुकोबांवर उद्या कुणी मंगरूळ उभारील.’ खरं आहे. म्हणूनच ही गोष्ट एकदा ठरवून संपत नाही. प्रत्येक पिढीला आपल्या देवासमोर कोण उभं राहू शकतं आणि कोण नाही, हे पुन्हा तपासावं लागतं.

संतांवरचे सिनेमे पुन्हा येऊ लागले आहेत. २०२५ साली मुक्ताईवरही आला. आता संगणकावर वैकुंठाचं विमान हवं तेवढं झळाळतं करता येतं, आणि इंद्रायणीतून वर येणाऱ्या वह्या हव्या तेवढ्या कोरड्या दाखवता येतात. असे सिनेमे काढणाऱ्यांना एका साध्या प्रेक्षकाची विनंती आहे. चेहरा कुणाचाही घ्या, अभंग नवे लिहिलेत तरी चालतील. पण जिजाईला गप्प करू नका, आणि चोखोबांना दाराबाहेर ठेवून आरती सुरू करू नका. आणि बघणाऱ्यांना एवढंच सांगणं आहे की माढ्याला जरूर या, आमच्या विठ्ठलाचं दर्शन घ्या. तो खरा की पंढरपूरचा, हे विचारायचं तर खुशाल विचारा. त्याआधी शेजारी उभ्या असलेल्या माणसाला पुढं जागा द्या.